अठ्ठ्याहत्तर फेरे

मित्रांनो, मी एक जुना ग्रामोफोन आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला किल्ली नाही. पूर्वी होती. आता मी पट्ट्यावर फिरतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, ना एक कमी, ना एक जास्त. रेकॉर्डवरची बाई जशी गायली तशीच ऐकायची असेल, तर थाळी याच चालीनं फिरली पाहिजे. चाल वाढली की बाई चिमणीसारखी चिवचिवते, घटली की तिला पडसं होतं. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय मोठं? मोठं आहे. या चालीपायी एका बहिणीनं वर्षभर भावाच्या घरचं पाणी सोडलं होतं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि न आठवणारं रंगवून सांगायची मला सवय नाही. डोळे उघडले ते शेलूबाजारात, फुलचंद कापडवाल्याच्या दुकानात. बाजाराच्या दिवशी तो मला ओट्यावर ठेवायचा, भोंगा रस्त्याकडे वळवायचा आणि गिऱ्हाईक गोळा करायचा. माझ्या पोटात तेव्हा पोलादी स्प्रिंग होती. किल्ली जितकी जास्त पिळावी तितका मी जास्त वेळ वाजेन, असा दुकानातल्या नोकरांचा पक्का समज. पिळा म्हणजे किती पिळा! एका बाजाराला माझ्या पोटात खाडकन आवाज झाला. स्प्रिंग तुटली, आणि चाल आवरून धरणारे तीन बारके गोळेही तिच्याबरोबर निखळले. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर, रिकाम्या पोत्यांच्या मागे. भोंग्यात उंदरानं घर केलं. दोन वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार राग आला होता.

मला तिथून खाली काढलं सोमलानं.

सोमला जवळच्या बंजारा तांड्यावरचा. कापसाच्या हंगामात तो कारंज्याच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पट्टे सांभाळायचं काम करी. तिथे एक लांबलचक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, फिरतो आणि त्याच्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा जातो. पट्टा सैल झाला, घसरला, तुटला की हाक सोमलाला. पट्ट्याच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं ओळखायचा. फुलचंदच्या दुकानातल्या शिंप्याच्या मशीनचा पट्टा सारखा उतरत होता, म्हणून सोमलाला बोलावलं होतं. काम झाल्यावर त्याची नजर माळ्यावर गेली.

"शेठ, ते काय पडून राह्यलं तिथं?"

"मेलेला बाजा आहे तो. न्यायचा तर ने. पट्टा दुरुस्त केलास ना, त्याचं बक्षीस समज."

मेलेला म्हणे! मला भोंग्यासकट डोक्यावर घेऊन सोमला दोन कोस चालला. तांड्यात त्याची बायको रामीबाई दारातच उभी होती. तांड्यातली माणसं आपसांत त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलतात, पण तुम्हाला कळावं म्हणून मी ते वऱ्हाडीत सांगतो.

"पीठ ठेवाले घरात धड डबा नाई, अन् हे भोंगं कायले आनलं?" रामीबाई म्हणाली.

"गानं म्हनते हे."

"गानं म्हनाले मी हावो ना घरात!"

आणि ती होतीच. तांड्यातलं कुठलंही लग्न रामीबाईच्या गळ्याशिवाय होत नसे. माझ्याबरोबर एकच रेकॉर्ड शाबूत आली होती, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या सासुरवाशिणीचं गाणं. ते रामीबाईनं पूर्वी बाजारात उभं राहून कितीदा तरी ऐकलेलं. तोंडपाठ होतं तिला.

स्प्रिंग काही मिळेना. मग सोमलानं त्याला येत होतं ते केलं. लष्कराच्या मोडीत निघालेल्या एका जीपची काच पुसायची मोटर त्यानं मिळवली, तिला जीपचीच बॅटरी जोडली, आणि मोटरवरून माझ्या थाळीला पट्टा घातला. मोटरची चाल तो जिनिंगातल्या फेरे मोजायच्या यंत्रावर आधीच काढून आला होता. मिनिटाला सातशे ऐंशी फेरे. माझी थाळी दहा इंच रुंद. मग मोटरवरची पुली, म्हणजे पट्टा घालायची चकती, एक इंचाची केली की झालं. मोटर दहादा फिरेल तेव्हा थाळी एकदा. सातशे ऐंशीचे अठ्ठ्याहत्तर! हिशेब इतका सरळ निघाला की स्वारी एकदम खूश झाली.

थाळी फिरली, सुई टेकली आणि सासुरवाशीण किंचाळायला लागली. रामीबाई पोट धरून हसली. "इची सासू मागं लागली काय व?"

गावातले रामराव मास्तर सेकंदकाटा असलेलं खिशातलं घड्याळ घेऊन आले. मास्तरांना असल्या उठाठेवींची भारी हौस. थाळीच्या काठावर त्यांनी चुन्याचा एक ठिपका दिला आणि दोघं मोजायला बसले. मिनिटाला ब्याऐंशी! सोमलानं पुन्हा मोजलं, पुन्हा ब्याऐंशी. दोन दिवस तो चिडचिडत होता. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्यानं कपाळावर हात मारला.

चूक कोणती ते सांगू? जिनिंगातल्या माणसानंच करावी अशी चूक. तिथल्या पुल्या हात हात रुंदीच्या. त्यांच्यापुढे पट्ट्याच्या जाडीला कोण विचारतो? पण माझी पुली इवलीशी, एका इंचाची. तिच्यावरून गेलेला पट्टा आपल्या जाडीनं तिला आणखी जाड करतो. पुली एक इंच आणि वर पट्टा. थाळी जोरात पळणारच. सोमलानं मोटर चालू ठेवून फिरत्या पुलीला बारीक कानस लावली. थोडं घासायचं, थोडं मोजायचं. एकदा हात जरा जास्त दाबला गेला आणि चाल सत्त्याहत्तरवर आली. घासलेलं पितळ काही परत चिकटत नाही. मग त्यानं रामीबाईच्या भरतकामाच्या पिशवीतला रेशमी दोरा काढला, डिंक लावून पुलीवर एक सलग थर गुंडाळला, आणि अठ्ठ्याहत्तर आले. दोऱ्यावरून रामीबाईनं त्याला जे काही ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

तरी बाई उचकी लागल्यासारखी गायची. पट्ट्याची दोन टोकं सोमलानं जिनिंगच्या रीतीनं लोखंडी चापानं जोडली होती, आणि चाप पुलीवर आला की धक्का बसे. चाप काढून त्यानं दोन्ही टोकं चांभाराच्या रापीनं तिरपी तासली आणि एकावर एक चिकटवली. उचकी गेली. मग पट्टा घसरू नये म्हणून जिनिंगात लावतात तशी राळ लावली, तर बाईचा आवाज थरथरायला लागला. पट्टा चिकटायचा, सुटायचा, चिकटायचा. रॉकेलनं राळ धुऊन काढली. आता मास्तरांच्या घड्याळानं अठ्ठ्याहत्तर, चाल गुळगुळीत. दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

चुलीपाशी बसून रामीबाई म्हणाली, "बाई अजून जड गळ्यानं गाते."

"घड्याळ बरोबर सांगून राह्यलं, रामी!"

"घड्याळाले गानं येते का?"

मास्तर हसले, पण सोमला हसला नाही. त्यानं सुई टेकवून, गाणं चालू असताना फेरे मोजले. शहात्तर! इतके दिवस ही हुशार मंडळी सुई उचलून मोजत होती. सुईचं ओझं थाळीवर पडतं, थाळी मंदावते, एवढं साधं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग दोऱ्याचे आणखी दोन थर. सुईखाली अठ्ठ्याहत्तर भरले, तेव्हा रामीबाईनं रेकॉर्डच्या सुरात सूर मिसळला आणि मान हलवली. त्या दिवसापासून माझी चाल आधी घड्याळ तपासायचं आणि मग रामीबाईचा कान. मला विचाराल तर मी कानाला जास्त भ्यायचो.

आता पटाचं सांगतो. आमच्याकडे माघात शंकरपट भरतो, म्हणजे बैलांची शर्यत. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची आणि एकेका जोडीनं सरळ वाटेवरून पळायचं. ज्या जोडीला कमीत कमी वेळ लागेल ती जिंकली. वेळ मोजायची घड्याळानं, आणि भांडण नेमकं तिथंच. घड्याळ एकाच्या हातात, बघणारे हजार. आदल्या वर्षी 'दहा सेकंद' की 'अकरा' यावरून काठ्या निघाल्या होत्या. रामराव मास्तर पटाचे पंच. माझे फेरे मोजता मोजता त्यांना कल्पना सुचली.

"सोमला, मिनिटाले अठ्ठ्याहत्तर, म्हंजे दहा सेकंदाले बरोबर तेरा फेरे. थाळी फेऱ्यागनिक टक वाजली, त सारा पट आपल्या कानानं मोजंल. भांडन कायचं?"

तसंच केलं. थाळीच्या काठाला एक खिळा, त्याच्या वाटेत मोराच्या पिसाची दांडी, आणि दांडी आपटायला रॉकेलचा रिकामा डबा. फेऱ्याला एक टक. काठावर चुन्याच्या चार खुणा, म्हणजे पाव फेराही कळे. दांडीचंही ओझं पडतंच, म्हणून सगळं लावून, सुईसुद्धा टेकवून, सोमलानं मला पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आणलं. त्यामुळे पटावर गाणं चालूच ठेवावं लागणार होतं. लोकांना वाटलं, मजेसाठी आहे.

छप्पन सालचा पट आला. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा जो पट जिंकंल, त्याची जोडी पोळ्याले तोरनाखाली पहिली उभी राह्यल."

हे ऐकून हिरीबाईनं पदर खोचला. हिरीबाई सोमलाची धाकटी बहीण, त्याच तांड्यात दिलेली. तिच्याकडे लाख्या आणि भोऱ्या ही जोडी होती. दोन्ही वासरं आईविना राहिलेली. हिरीबाईनं शेळीच्या दुधावर हातानं वाढवली. मित्रांनो, पोळ्याला गावातले सगळे बैल तोरणाखाली रांगेनं उभे राहतात. गावाचे पुढे, तांड्याचे शेवटी. कोणी तसा नियम लिहिलेला नव्हता, पण हिरीबाईचे बैल दर वर्षी शेवटी उभे राहायचे आणि तोरण सुटल्यावर उरलेल्या धुळीतून घरी यायचे. तिला ते फार लागायचं. ती बोलूनही दाखवायची.

"भाऊ, एकदा माया लाख्या-भोऱ्याले पुढं पाहू दे. मंग मले काई नोको."

"मंग मदनसिंगले सांग, नीट हाक म्हना," सोमला म्हणाला. मदनसिंग हिरीबाईचा नवरा आणि तिच्या जोडीचा धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा.

पटाच्या दिवशी सकाळी मला कडुलिंबाखाली एका पाटावर ठेवलं. ताटलीत पाणी घेऊन सोमलानं पाट समपातळीत आणला, कारण कललेली थाळी नीट फिरत नाही. मग भरलेली बॅटरी लावली, मास्तरांच्या घड्याळासमोर फेरे मोजले आणि सगळ्यांना सांगितलं, "आता याले कोनी हात लावू नोका." हवा थंड होती. झेंडी पडली की डब्यावर टक, टक, टक, आणि हजार माणसं एका आवाजात मोजायची, एक, दोन, तीन! मला काय वाटलं म्हणून सांगू! माळ्यावरची दोन वर्षं मी तेव्हा विसरलो.

गावातल्या बबनरावांची जोडी तेरा फेऱ्यांत आली. बबनराव मोठे शेतकरी, तीन वर्षं त्यांचाच पट. बाकीच्या जोड्या चौदा, साडेचौदा. मग जेवणाची सुटी झाली. तांड्याची जोडी नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी, म्हणजे सुटीनंतर.

ऊन वर चढलं आणि कडुलिंबाची सावली सरकली. मी उन्हात आलो. सोमलानं ते पाहिलं, पण सकाळी पाण्याची ताटली ठेवून ठेवून जमवलेली पातळी त्याला मोडायची नव्हती. नीट काम करणाऱ्या माणसाचीच ही चूक. माझा पट्टा तापला, चामड्यातली चरबी पाझरली, पट्टा लांबला आणि पुलीवर किंचित घसरू लागला. मला कळत होतं. मी सांगणार कसा? माझ्या तोंडात त्या बाईचं गाणं.

झेंडी पडली. लाख्या-भोऱ्या असे सुटले की बघणाऱ्यांची पागोटी पडली. मदनसिंग छकड्यावर उभा, हिरीबाई वाटेच्या कडेनं पळते आहे, लोक मोजताहेत. दहा... अकरा... बारा... आणि जोडी पार! सोमलानं खूण पाहिली आणि तो ओरडला, "पावनेतेरा!"

अख्खा तांडा नाचायला लागला. हिरीबाईनं भोऱ्याच्या गळ्याला मिठी मारली आणि मोठ्यानं रडली. बबनराव मिशीवरून हात फिरवत उभे होते. तिकडे चुलींपाशी संध्याकाळच्या स्वयंपाकाला बसलेल्या बायका धावत आल्या. त्यांत रामीबाई होती. नणंदेच्या अंगावर गुलाल टाकून ती माझ्या भोंग्यापाशी आली आणि रोजच्यासारखी गाण्यात सूर मिसळून नाचू लागली.

सूर मिळेना. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा मिळेना. ती नाचायची थांबली.

"आयकलं का," ती सोमलाच्या कानाशी गेली. "बाईचा गळा बसून राह्यला."

सोमलानं आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पट्ट्यावर बोट टेकवलं. पट्टा तव्यासारखा गरम. त्यानं मास्तरांकडून घड्याळ मागून घेतलं आणि एकटाच खाली बसून मोजू लागला. मिनिट भरलं. पंचाहत्तर.

मिनिटाला तीन फेरे कमी. म्हणजे एका धावेमागे अर्धा फेरा कमी. हिरीबाईचे पावणेतेरा म्हणजे खरे सव्वातेरा. बबनरावांचे तेरा सकाळच्या थंडीतले, खरेच तेरा.

"आता?" रामीबाईनं विचारलं. "म्या तोंड उघडलं नस्तं त बरं झालं अस्तं."

"तुया कान खोटा नाई, रामी. मशीन खोटं बोललं."

"कोनाले मालूम हाय पन? तुमी, मी, अन् हे भोंगं!"

सोमला माझ्याकडे बघत बसला. समोर त्याची बहीण बैलांच्या शिंगांना गुलाल लावत होती. त्याच्या तोंडावर मी असलं दुःख आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तो उठला, मास्तरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"थांबा! हिरीबाईचे फेरे सवातेरा हायेत. मशीन मंद झालं होतं. चूक मायी हाय. पट बबनरावाचा."

आधी कोणाला काही समजलंच नाही. मास्तरांनी स्वतः मोजून पाहिलं, पंचाहत्तर, आणि मान खाली घातली. तांड्याचे ढोल बंद पडले. कोणीतरी म्हणालं, जोडी पुन्हा पळवा. मदनसिंगनं बैलांच्या तोंडचा फेस पाहिला आणि म्हणाला, "नाई. या उनात नाई. जनावर मरून जाईल."

हिरीबाई भावासमोर येऊन उभी राहिली. गुलालानं तोंड लाल, डोळे त्याहून लाल.

"तुले कोनी इचारलं होतं का?"

"हिरी, आयक..."

"साऱ्या गावानं मोजलं पावनेतेरा! गावाले चाललं, अन् तुले नाई चाललं? भाऊ हायेस का वैरी? आजपासून तुया घरचं पानी मले नोको."

ती बैल घेऊन गेली. मित्रांनो, चूक माझी होती, तरी शिव्या त्या माणसानं खाल्ल्या. तांड्यातलेही काही दिवस त्याच्याशी तुटक वागले. पोळ्याला बबनरावांची जोडी तोरणाखाली पहिली उभी राहिली आणि लाख्या-भोऱ्या शेवटी. सोमला त्या दिवशी घरातून बाहेर पडला नाही.

घरात बसून त्यानं मला मात्र सोडलं नाही. पट्टा लांबला तरी ताण तेवढाच राहावा म्हणून त्यानं पट्ट्यावर दाब देणारी एक छोटी पुली बसवली आणि तिला लोखंडाचं बेताचं वजन टांगलं. पट्टा लांबला की वजन खाली उतरतं आणि ढिलाई ओढून घेतं. उन्हासाठी चार काठ्यांचं छप्पर केलं. मग मला मुद्दाम भर दुपारी अंगणात ठेवलं आणि मोजलं. रामीबाई शेजारी बसून गात होती. अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. असं तो वर्षभर करत राहिला.

पुढच्या माघात पट भरला, पोळ्याच्या मानाची बोली तीच. सोमलानं मास्तरांना सांगितलं, "मास्तर, यंदा मशीन दुसऱ्या कोनाच्या हाती द्या." मास्तर म्हणाले, "दुसरा कोनी नाई." मला छपराखाली ठेवलं. सकाळी बबनरावांच्या जोडीचे तेरा फेरे भरले, गेल्या वर्षीइतकेच. सुटी झाली. तांड्याची जोडी शेवटी.

झेंडी पडायच्या आधी हिरीबाई थेट माझ्यापाशी आली. सोमलाकडे तिनं पाहिलं नाही. तिच्या ओच्यात जोंधळे होते.

"मास्तर, घड्याळ काढा. मी मोजतो."

"तुले मोजता येते व, हिरीबाई?"

"तीन इसा अन् अठरा. घरून मोजून आनले. एक फेरा, एक दाना."

तीन विसा आणि अठरा, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच. मास्तरांनी घड्याळ धरलं. टक वाजला की हिरीबाई ओच्यातला एक दाणा माझ्या पेटीतल्या सुयांच्या वाटीत टाकी. टक, दाणा. टक, दाणा. ढोल थांबले, लोक थांबले, मदनसिंग कासरा धरून बघत राहिला. "झालं!" मास्तर म्हणाले. हिरीबाईनं ओचा झटकला. एकही दाणा उरला नव्हता, आणि एकही कमी पडला नव्हता.

तिनं वर पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा ती भावाशी बोलली.

"चालू दे, भाऊ."

लाख्या-भोऱ्या सुटले. गाव मोजत होतं, तांडा मोजत होता. सोमलाची नजर खुणेवरून हलली नाही. जोडी पार झाली तेव्हा तो ओरडला नाही. इतक्या हळू बोलला की मास्तरांना ते मोठ्यानं सांगावं लागलं. पावणेतेरा.

बबनरावांचा एक माणूस पुढे आला. "मालक, मशीन पुन्हा मोजाले लावू का? त्याचीच बहीन हाय ते."

बबनरावांनी त्याला हातानं मागे सारलं. "ज्यानं सख्ख्या बहिनीले अर्धा फेरा फुकट देल्ला नाई, त्याच्यावर मी कायले शक घेऊ?" आणि त्यांनी स्वतः जाऊन लाख्याच्या शिंगांना गुलाल लावला.

हिरीबाई तिथंच, माझ्या पाटाशेजारी बसली. रामीबाईकडे हात करून म्हणाली, "वयनी, पानी दे व. लई तहान लागली." रामीबाईनं लोटा भरून दिला. हिरीबाईनं तो घटाघटा रिकामा केला आणि तोंड पुसलं. सोमला माझ्यावर वाकून पट्टा सैल करत होता. पट्टा सैल करायला एवढा वेळ लागत नाही हे मला माहीत होतं.

त्या पोळ्याला तांड्याची जोडी तोरणाखाली पहिली उभी राहिली. मी घरीच होतो, पण ढोल ऐकले.

मित्रांनो, आता पटाला दुसरी साधनं आली आहेत. मी सोमलाच्या घरी एका कोपऱ्यात असतो आणि सणावाराला वाजतो. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला गच्च पिळू नका, उन्हात ठेवू नका, आणि काम झालं की पट्टा काढून ठेवा. ताणलेला ठेवला तर तो लांबतो. चाल मोजाल तेव्हा सुई टेकवूनच मोजा. आणि घरातलं कोणी म्हणालं की बाईचा गळा बसलाय, तर घड्याळ दाखवून त्याला गप्प करू नका.

माझ्या सुयांच्या वाटीत ते जोंधळे अजून आहेत. रामीबाई पेटी पुसते, पण त्यांना हलवत नाही. कधी आलात तर विश्वास ठेवू नका माझ्यावर. मोजून घ्या.